जिभेवर पुटकुळ्या आल्या तर: आधी नीट बघा, मग उपाय करा

जिभेच्या टोकाला मोहरीएवढी लाल किंवा पांढरट पुटकुळी उठते आणि दिवसभर दुसरं काही सुचत नाही. बोलताना ती दातांना घासते, चहाचा घोट घेतला की चरचरते आणि जीभ सारखी तिथेच जाते. अशा बहुतेक पुटकुळ्या दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात आपोआप बसतात. घरगुती उपायांनी तोवरचा त्रास कमी होतो, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्रास लांबतो तो बहुतेक वेळा आपणच त्या जागेला घासल्यामुळे, टोचल्यामुळे किंवा जळजळणारं काहीतरी लावल्यामुळे. याउलट जी गाठ अजिबात दुखत नाही तिच्याकडे माणसं महिनोन् महिने बघत नाहीत, आणि खरी काळजी तिचीच करायला हवी.

जीभ बघायची कशी

आरशासमोर तोंड उघडून जीभ बाहेर काढली की वरचा भाग दिसतो. कडा आणि खालची बाजू दिसत नाही, आणि कर्करोगासारखा गंभीर आजार बहुधा कडेलाच सुरू होतो. म्हणून जरा व्यवस्थित बघा. हात साबणाने धुवा, चूळ भरा, खिडकीजवळ उभे राहा किंवा कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. गॉझचा तुकडा किंवा स्वच्छ सुती रुमाल घेऊन जिभेचं टोक धरा, कारण ओली जीभ नुसत्या बोटात राहत नाही. मग ती हळूच उजवीकडे ओढून डावी कड अगदी मागपर्यंत बघा, डावीकडे ओढून उजवी कड बघा. शेवटी टोक टाळूला लावून खालचा भाग. जिथे पुटकुळी दिसेल तिथे बोटाने हलकं दाबा: मऊ लागते की आत काही कडक जाणवतं? फोटो काढून ठेवा. मोबाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते आणि पुढे डॉक्टरांना दाखवताना ‘कधीपासून आहे’ या प्रश्नाचं नेमकं उत्तर हाताशी राहतं.

विडा, काला खट्टा, बीट किंवा लोहाचं औषध घेतल्यावर लगेच बघू नका. रंग फसवतो.

पहिल्यांदाच इतक्या बारकाईने जीभ बघणारे अनेकजण घाबरतात ते जिभेच्या मूळच्या रचनेला. जिभेवर वेगवेगळे उंचवटे जन्मापासून असतातच. संपूर्ण पृष्ठभागावर बारीक धाग्यांसारखे, ज्यांच्यामुळे जीभ खरखरीत लागते. टोकाला आणि कडांना लालसर ठिपक्यांसारखे. अगदी मागे, घशाच्या तोंडाशी, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात ओळीने बसलेले 8 ते 12 मोठे गोल उंचवटे. आणि मागच्या कडांना उभ्या चुण्या. मागचे मोठे उंचवटे आणि या चुण्या बघून ‘गाठ आली’ असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे दुसरी बाजू बघणे. उजवीकडे जसं आहे तसंच डावीकडेही असेल तर ती रचना आहे. एकाच बाजूला असेल तर पुढे वाचा.

पुटकुळी कशामुळे आली

टोकाला किंवा कडेला अचानक आलेली, आकाराने लहान पण दुखायला भारी अशी एक-दोन पुटकुळी म्हणजे त्या लाल ठिपक्यांपैकी एखादा सुजलेला असतो. त्याला जागेवरची सूज यापलीकडे काही म्हणायची गरज नाही. दात घासताना ब्रश लागला, जीभ चावली गेली, फार गरम, फार तिखट किंवा फार आंबट खाल्लं की असं होतं. ताण, जागरण यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. दोन ते चार दिवसांत ती बसते आणि काही जणांना वरचेवर येत राहते.

मुंबईत जिभेचे हाल करणाऱ्या गोष्टी रस्त्यावर पावलोपावली आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. स्टेशनबाहेर उभ्या उभ्या, लोकल चुकू नये म्हणून घाईत प्यायलेला कटिंग चहा जीभ सरळ पोळवतो. पोळलेल्या जागी आधी बधिरपणा, मग लाली आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या किंवा सोलवटलेली कातडी असा क्रम असतो. पोळल्याबरोबर साधं गार पाणी तोंडात धरून ठेवा, कोमट झालं की थुंका, पुन्हा भरा. पाच-दहा मिनिटं हे केलं तर दुसऱ्या दिवशीचा त्रास बराच कमी होतो.

वडापावबरोबरचा ठेचा किंवा मिसळीचा कट लागला तर पाणी पिऊन फरक पडत नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. दोन घोट दूध किंवा चमचाभर सायीचं दही तोंडात फिरवा.

एप्रिल-मे महिन्यांत कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून खाल्लं जातं, चिंच आणि आवळा वर्षभर असतोच. आंबट पदार्थ आधीच खरचटलेल्या जागेला झोंबतात आणि सूज वाढवतात. अननसाचं जरा निराळं आहे. त्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, म्हणून कच्च्या अननसाच्या फोडी जास्त खाल्ल्या की जीभ चुरचुरते. शिजवल्यावर ते विकर निकामी होतं. त्यामुळेच अननसाचा शिरा कितीही खाल्ला तरी जिभेला काही होत नाही.

अळू आणि सुरण खाजरे का, हे घरोघरी माहीत आहे, तरी घाईत चूक होते. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेत, टाळूत टोचतात. अळूवडी कच्ची राहिली, फतफतं नीट शिजलं नाही किंवा चिंच-कोकम घालायचं राहिलं की खाज सुटते, बारीक पुटकुळ्याही येतात. थंड दही किंवा थोडं तूप जिभेवर धरा. काही तासांत ओसरतं. ओठ किंवा जीभ सुजायला लागली तर मात्र वाट बघू नका.

तोंड येणं ही वेगळी गोष्ट

पुटकुळी आणि व्रण यांतला फरक आरशात दिसतो. पुटकुळी वर आलेली असते. तोंड आलं की मधोमध पिवळट-पांढरा खोलगट भाग आणि भोवती लाल कडं दिसतं. नेहमीचे व्रण एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, 7 ते 14 दिवसांत भरतात आणि मागे खूण ठेवत नाहीत. त्याहून मोठे व्रण कित्येक आठवडे राहू शकतात. ते घरी सांभाळायचे नव्हेत.

तोंड येण्यामागे ‘पोटातली उष्णता’ आहे म्हणून गुलकंद, सब्जा सुरू होतो. दोन्ही खायला हरकत नाही, पण दर महिन्याला तोंड येत असेल तर कारण शोधायला हवं. बघण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली टूथपेस्ट. फेस येण्यासाठी बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं आणि काही जणांच्या तोंडाच्या नाजूक त्वचेला ते सोसत नाही. खोक्यावरची घटकांची यादी वाचा, ते नसलेली पेस्ट आणा आणि किमान दोन महिने तीच वापरा. आठवड्यात निष्कर्ष काढू नका, कारण व्रणांचं येणं-जाणं मुळातच लहरी असतं. दालचिनी किंवा तीव्र पुदिन्याच्या चवीच्या पेस्ट आणि च्युइंगगमनेही काहींची जीभ हुळहुळते. लाल किंवा काळ्या दंतमंजनाचे खरखरीत कण बोटाने जिभेवर घासणं तर ताबडतोब बंद करा.

दुसरी जागा म्हणजे दात. किडून तुटलेल्या दाताची धार, सैल कवळी, वर आलेलं फिलिंग: रोज एकाच ठिकाणी घासत असेल तर पुटकुळी किंवा व्रणही त्याच ठिकाणी परत परत येणार. जीभ त्या जागेवरून फिरवा, धार लगेच कळते. दंतवैद्य ती धार पाच मिनिटांत घासून गुळगुळीत करतात. अशा वेळी कितीही मध लावला तरी तो व्रण भरत नाही, आणि धार वर्षानुवर्षं तशीच ठेवणं धोक्याचंही आहे.

तिसरी जागा रक्त, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण हे कारण सर्रास राहून जातं. ब-12, लोह किंवा फॉलिक ॲसिड कमी झालं की जिभेवरचे बारीक उंचवटे झिजतात. जीभ लाल, गुळगुळीत, चकचकीत दिसते, नुसत्या वरण-भातानेही जळजळते, व्रण वरचेवर येतात. ब-12 जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातूनच मिळतं. म्हणून शुद्ध शाकाहारी आणि त्यातही दूध कमी घेणाऱ्या माणसांत ते कमी सापडतं. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारे यांनाही हा धोका आहे. हातापायांना मुंग्या, दम लागणं, थकवा ही जोडीची लक्षणं. लोहाच्या बाबतीत एक सवय नडते: जेवणावर लगेच चहा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. चहा आणि जेवण यांत तासभर अंतर ठेवा.

तपासणी करायची तर गोळ्या सुरू करण्यापूर्वी करा. आधी गोळ्या खाल्ल्या की रक्तातली पातळी वर दिसते आणि निदान गुलदस्त्यात राहतं. हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, ब-12 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एवढ्यांनी चित्र बरंच स्पष्ट होतं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने खाऊ नका. ब-12 कमी असताना त्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

आता उपाय

सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत स्वस्त म्हणजे मिठाच्या पाण्याची गुळणी. ती बहुतेक जण चुकीची करतात. प्रमाण असं: एक ग्लास, म्हणजे साधारण 200 ते 250 मिलिलिटर उकळून कोमट केलेलं पाणी आणि त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, पूर्ण विरघळवून. पाणी मनगटावर टाकून बघा, गरम लागलं तर ते जिभेलाही गरम आहे. घोट तोंडात घेऊन मान मागे टाकायची नाही. घशाची गुळणी वेगळी. इथे पाणी जिभेच्या वर, खाली, कडांना फिरवायचं, अर्धा मिनिट, आणि थुंकायचं. ग्लास संपेपर्यंत. दिवसातून तीन-चार वेळा, त्यात जेवणानंतर नक्की. मीठ वाढवून फायदा वाढत नाही. जास्त मिठाने जागा कोरडी पडते आणि झोंबते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे पाणी गिळू नये.

मीठ झोंबत असेल, किंवा आंबट ढेकरांमुळे तोंड खवळलेलं असेल, तर त्याच ग्लासात मिठाऐवजी अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. तोंडातली आम्लता कमी होते. डबा नीट बघून घ्या: खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पापडखार हे तीन निरनिराळे पदार्थ आहेत आणि पांढरी पूड म्हणून एकाच फळीवर बसलेले असतात. धुण्याचा सोडा किंवा पापडखार तोंडात गेला तर जीभ भाजते.

बर्फाने सूज आणि ठणका दोन्ही उतरतात. मात्र फ्रीजरमधून काढलेला कोरडा बर्फाचा खडा थेट जिभेवर ठेवू नका, तो चिकटतो आणि काढताना कातडी सोलते. नळाखाली धरा किंवा पाण्यात बुडवा, पृष्ठभाग ओला चकचकीत झाला की तोंडात घ्या, एक-दोन मिनिटं फिरवा. जेवणाच्या आधी हे केलं तर चार घास सुखाने जातात. बर्फ घरी, उकळलेल्या पाण्याचा करा.

रात्री झोपताना वाटाण्याएवढं साजूक तूप स्वच्छ बोटाने पुटकुळीवर लावा. तुपात औषध शोधायला नको. त्याचा पातळ थर बसतो आणि दाताचं घासणं कमी होतं, इतकं पुरेसं आहे. ब्रश करून, चूळ भरून मग लावा आणि त्यावर पाणी पिऊ नका. त्यात चिमूटभर हळद मिसळली तर चालेल, उशीच्या अभ्र्याला डाग पडेल हे धरून चाला. जेष्ठमधाची पूड तुपात किंवा मधात कालवून लावण्याची पद्धतही जुनी आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून अख्खी कांडी आणून घरी कुटलेली बरी, पूड भेसळीची असू शकते. दोन-चार दिवस, चिमूटभर, एवढंच. जेष्ठमध रोज बराच काळ पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावं.

मध लावायचा तर तोही चिमूटभरच, दिवसातून दोन-तीनदा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरूनसुद्धा चाटवू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजी कितीही आग्रहाने म्हणाली तरी.

तोंड आल्यावर जाईचा पाला चावून थुंकायचा, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पाला तुरट असतो, जागा आवळल्यासारखी वाटते. तीन-चार कोवळी पानं मिठाच्या पाण्यात धुऊन चावा, रस दोन मिनिटं तोंडात धरा, चोथ्यासकट थुंका. अडचण अशी की मुंबईत सोसायटीच्या आवारातल्या कुठल्याही पांढऱ्या फुलांच्या वेलाला जाई म्हटलं जातं आणि त्यांतल्या काही शोभेच्या वेली विषारी असतात. शिवाय त्यांवर कीटकनाशक मारलेलं असतं. वेल नक्की ओळखता येत नसेल तर पेरूची पानं घ्या, ती ओळखायला सोपी. सहा-सात पानं दीड ग्लास पाण्यात एक ग्लास होईपर्यंत उकळा, गाळा, पूर्ण गार करा आणि दिवसातून दोनदा त्याने चूळ भरा.

दुखणं फारच असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी घेता येते, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. औषधाच्या दुकानात बधिर करणारी जेल मिळते. जेवणाआधी कापसाने हलकी टिपायची. जीभ बधिर असताना गरम काही तोंडात घेऊ नका, कळणारच नाही आणि दुसरीकडे पोळेल. बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांच्या आतल्या मुलांना अजिबात लावायची नाही, तिने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश उपयोगी आहे, पण तो आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त चालवू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. ब्रश केल्यावर किमान अर्ध्या तासाने वापरा, कारण टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होतो. अल्कोहोल असलेले झणझणीत माउथवॉश मात्र या दिवसांत नकोत.

जे करू नये

नेलकटरने, ब्लेडने किंवा चिमट्याने पुटकुळी कापून टाकण्याचा प्रकार खरोखर घडतो. जिभेत रक्तवाहिन्या भरपूर असतात, रक्त पटकन थांबत नाही, आणि साधी सूज दोन दिवसांत गेली असती तिथे जखम होऊन बसते. लवंगेचं तेल नुसतं लावू नका, तुरटीचा खडा घासू नका, चुना तर नकोच. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी धरून ठेवली की तिथली त्वचा पांढरी पडून भाजते. दाढदुखीत हे हमखास केलं जातं आणि मग दाढेबरोबर गाल-जीभही दुखते.

टंग क्लीनर पुटकुळी असेपर्यंत बाजूला ठेवा किंवा दुखरी जागा सोडून अगदी हलका फिरवा. जिभेवर किंचित पांढरा थर असणं स्वाभाविक आहे, तो रोज खरवडून लाल करायचा नसतो. ब्रश मऊ घ्या आणि तीन महिन्यांनी बदला.

ट्रायॲमसिनोलोनसारख्या स्टेरॉइडची पेस्ट मेडिकलवाल्याला विचारून आणली जाते. व्रणावर ती खरंच काम करते. पण ती जागा बुरशीची किंवा विषाणूची असेल तर त्याच पेस्टने पसरते. दाखवल्याशिवाय लावू नका.

चार दिवसांचं खाणं

मऊ, कोमट किंवा गार, कमी मसाल्याचं. दही-भात, मुगाची सैल खिचडी, भाताची पेज, नाचणीची आंबील ताक कमी घालून, शहाळ्याचं पाणी, केळं, दुधात भिजवलेला सब्जा, मऊ उकडलेलं अंडं. ताक गोडसर असेल तर चालतं, मिरची-आलं न घालता. सोलकढी मात्र नको, तिच्यात कोकमाचा आंबटपणा, लसूण आणि मिरची तिन्ही आहेत. खारी, टोस्ट, कुरकुरीत फरसाण, चकली यांच्या कडा टोचतात. पाणीपुरी, भेळ, लोणचं पुटकुळी बसेपर्यंत थांबू शकतं. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम भरपूर जातो, तोंड कोरडं पडतं आणि कोरडी जीभ लवकर खरचटते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा.

पांढरा थर, नकाशा, काळी जीभ

जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे पुंजके दिसले, ते पुसता येतात आणि खाली लाल, चुरचुरणारी जागा निघते, तर ती बुरशी आहे. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणारे, मधुमेही, नुकताच अँटिबायोटिक्सचा कोर्स झालेले आणि रात्रीही कवळी न काढणारे यांना ती होते. हिला गुळण्या पुरत नाहीत, बुरशीविरोधी औषध लागतं. पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंपानंतर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचं, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतला तर आणखी चांगलं. पंप मात्र बंद करायचा नाही.

लाल चट्टे, त्यांना पांढरट किनार, आणि आज इथे तर आठवड्याने तिथे: ही नकाशासारखी दिसणारी जीभ निरुपद्रवी असते. तिखट-आंबट झोंबत असेल तर टाळायचं, बाकी काही करायचं नाही. काळी, केसाळ दिसणारी जीभही बहुधा तंबाखू, अति चहा किंवा अँटिबायोटिक्समुळे असते आणि कारण गेलं की सुधारते.

लहान मुलं

मुंबईत पावसाळा सुरू झाला की बालवाड्यांमधून हात-पाय-तोंडाचा आजार फिरतो. एक-दोन दिवस ताप, मग जिभेवर आणि टाळूवर फोड, मूल दूध प्यायला तोंड उघडत नाही, आणि पाठोपाठ तळहात, तळपाय, कधी कुल्ल्यांवर पुरळ. विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, 7 ते 10 दिवसांत बरा होतो. खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा. गार दूध, गार पेज, घरचं फळांच्या रसाशिवायचं आइस्क्रीम, चमच्या-चमच्याने देत राहा. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, मूल मलूल आहे, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणं सोडू नका. गुळणी नीट थुंकता येत नाही अशा वयात गुळण्या देऊ नका.

पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ आणि लालभडक, दाणेदार जीभ हे एकत्र दिसलं तर तो कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, म्हणून त्यावरचे उपचार वेळेत व्हावे लागतात.

दोन आठवड्यांची मर्यादा

जिभेवरची कोणतीही पुटकुळी, व्रण, गाठ किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दुखत असो वा नसो. कडेला आलेला, कडा कडक असलेला, सहज रक्त येणारा व्रण, न पुसता येणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा, जीभ हलवायला अडचण, गिळताना दुखणं, कानात कळ, मानेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

तंबाखू, गुटखा, मावा, मशेरी किंवा सुपारी खाणाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलेली आरशासमोरची तपासणी दर महिन्याला करावी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी खुलेआम मिळते आणि तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारण ठरते. मशेरी दातांना लावणाऱ्या कित्येक बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. धरायला हवं. सुपारी खाणाऱ्यांसाठी आणखी एक चाचणी: स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. दोनच जात असतील, तिखट सहन होत नसेल, गाल आतून पांढुरके आणि ताठ लागत असतील, तर सुपारी आजच थांबवा आणि दाखवायला जा.

मुंबईत यासाठी खाजगी दवाखान्याचाच खर्च करावा लागतो असं नाही. मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे तोंडाच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी केस पेपर काढून जावं. कर्करोगाची शंका पक्की वाटली तर तिथूनच पुढे परळच्या टाटा मेमोरियलला पाठवलं जातं.

जीभ किंवा ओठ काही मिनिटांत सुजू लागले, आवाज बदलला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर 108 ला फोन करा. हे कोळंबीसारख्या पदार्थाच्या ॲलर्जीने होतं, तसंच एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही होतं, कधी कधी त्या बरेच महिने बिनत्रास घेतल्यानंतर.

डॉक्टरकडे जाताना तारखेचे फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि वापरात असलेल्या टूथपेस्टचं नाव घेऊन जा. तंबाखू-सुपारीबद्दल विचारलं की खरं सांगा, घरच्यांसमोर अवघड वाटत असेल तर एकट्याने बोलायची विनंती करा. जाण्याआधी हळद, जेंशियन व्हायोलेट (जांभळ्या रंगाचं औषध) किंवा कुठलीही रंगीत जेल लावू नका, खालचं काही दिसत नाही. तुकडा काढून तपासायला सांगितला तर नाही म्हणू नका. बायॉप्सीने आजार पसरतो ही समजूत खोटी आहे. जागा सुईने बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागल्यास एक-दोन टाके घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा, मनाने बंद करू नका. बधिरपणा जाईपर्यंत काही चावून खायचं नाही. मग त्या दिवशी गार पेज किंवा दही-भात, आणि गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.